पाहुण्या शब्दाचे व्याकरण



मराठीच्या शब्दसंग्रहाचा अभ्यास करताना तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय असे वर्ग तुम्ही पाहिले. ‘पगार’ आणि ‘चावी’ पोर्तुगीजमधून आले, ‘टेबल’ आणि ‘तिकीट’ इंग्रजीतून आले, अशा याद्याही तुमच्या वहीत असतील. याद्या उपयोगी असतात, पण त्यांत शब्दाचा जन्म नोंदलेला असतो, संसार नसतो. शब्द आला त्यानंतर त्याचे काय झाले? त्याला कोणते लिंग मिळाले? त्याचे अनेकवचन कसे झाले? विभक्तिप्रत्यय लागताना त्याने आपले अंग वळवले की तो ताठ उभा राहिला? परका शब्द आपला कधी होतो, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या लहान प्रश्नांत दडलेले असते.

या लेखात मी तुम्हांला एका शब्दाची ओळख करून देणार आहे. तो मराठी नाही, आयरिश आहे. आयर्लंडच्या या भाषेशी माझा संबंध छंदापुरता. दिवसभराचे अध्यापन संपल्यावर, तुमच्यापैकी अनेक जण जसे नोकरी आणि घर सांभाळून रात्री पुस्तक उघडतात, तशीच मी काही वर्षे आयरिश व्याकरणाची पुस्तके उघडत आले. त्यांत एका पानावर इंग्रजीतला ‘ट्रेन’ हा शब्द आयरिश वेषात भेटला आणि मराठीकडे पाहण्याची माझी दृष्टी त्याने बदलली. आयरिश भाषा रोमन लिपीत लिहितात. येथे तिचे शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जातील असे लिहिले आहेत. ते अंदाजे आहेत, हे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

शब्दाचा प्रवास

‘ट्रेन’ हा शब्द इंग्रजीचाही मूळचा नव्हे. लॅटिनमध्ये ‘ओढणे’ या अर्थाचा ‘त्राहेरे’ हा धातू आहे. त्याच्या वंशातून जुन्या फ्रेंचमध्ये फरपटत ओढण्याच्या अर्थाचे शब्द तयार झाले आणि त्यांतूनच ‘ट्रेन’ इंग्रजीत गेला. इंग्रजीत त्याने प्रथम राजस्त्रियांच्या झग्याचा मागे लोळणारा घोळ दाखवला, मग एखाद्या सरदाराच्या मागून चालणारा लवाजमा दाखवला. 19व्या शतकात वाफेच्या इंजिनामागे डब्यांची रांग धावू लागली, तेव्हा त्या रांगेलाही हेच नाव मिळाले. एकामागून एक ओढले जाणे हा अर्थ सर्वत्र टिकून राहिला.

आयर्लंडमधला पहिला लोहमार्ग डिसेंबर 1834 मध्ये डब्लिन ते किंग्जटाउन, म्हणजे आजचे डन लेरी, या गावांच्या दरम्यान सुरू झाला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. दोन्ही देशांत राज्यकर्ते इंग्रजी बोलणारे होते, आणि यंत्राबरोबर यंत्राचे नावही आले.

पण ते कोणत्या कानांनी ऐकले गेले, हे पाहा. इंग्रजीतला या शब्दाचा पहिला ध्वनी दातांच्या किंचित मागे, हिरडीवर उच्चारला जातो. मराठी कानाला तो मूर्धन्य ‘ट’च्या जवळचा वाटला, म्हणून आपण ‘ट्रेन’ म्हणालो. आयरिश भाषेत या ठिकाणी बसणारे व्यंजन दंत्य आहे, आपल्या ‘त’सारखे. म्हणून तिकडे शब्द झाला ‘त्रेन्य’. शेवटचा ‘य’ पूर्ण उच्चारायचा नाही. ‘न’ म्हणताना जीभ टाळूकडे उचलली की जी छटा येते, तेवढीच ती समजावी. एकच ध्वनी दोन भाषांनी आपापल्या वर्णमालेच्या चाळणीतून गाळून घेतला. आदानाची ही पहिली पायरी. या पायरीवर भाषा शब्दाला विचारते, की माझ्याकडे असलेल्या ध्वनींपैकी तू कोणता?

नामाची रूपे

दुसरी पायरी लिंगाची. आयरिशमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. तिथली व्यंजने दोन गटांत विभागलेली असतात. एका गटाला ‘रुंद’ म्हणतात, दुसऱ्याला ‘अरुंद’. अरुंद व्यंजनात वर सांगितलेली ‘य’ची छटा असते. हा भेद आपल्याला अगदीच अनोळखी नाही. ‘माझा’ म्हणताना ‘झ’ दंत्य असतो आणि ‘माझी’ म्हणताना तोच तालव्य होतो. लेखनात अक्षर एकच, पण जीभ वेगळ्या जागी जाते. आयरिशमध्ये अशा जोड्या जवळजवळ प्रत्येक व्यंजनाच्या आहेत, आणि अरुंद व्यंजनाने संपणारी नामे पुष्कळदा स्त्रीलिंगी असतात. ‘त्रेन्य’ अरुंद ‘न’ने संपतो आणि तो स्त्रीलिंगी आहे. शब्दाच्या रूपाशी त्याचे लिंग जुळते.

मराठीत ‘ट्रेन’ स्त्रीलिंगीच आहे, पण वेगळ्या कारणाने. तिच्या आधी आपल्या घरात ‘गाडी’ होती. गाडी ती, म्हणून ट्रेन ती, आणि पुढे बसही ती. येथे शब्दाच्या शेवटापेक्षा अर्थाच्या नातेवाइकाने लिंग ठरवले. इंग्रजी माणूस गाडीला निर्जीव वस्तूचे सर्वनाम लावतो. मराठी माणूस फलाटावर उभा राहून ‘अजून ती आली नाही’ म्हणतो. आयरिश माणूसही स्त्रीवाचक ‘शी’ हे सर्वनाम वापरून ‘ता शी देनख’, म्हणजे ‘तिला उशीर झाला आहे’, असे म्हणतो. दोन दूरच्या भाषांनी एकाच निर्लिंगी शब्दाला स्त्री केले, पण त्यांच्या वाटा निराळ्या होत्या.

लिंगाचा परिणाम विशेषणावर होतो. ‘मोठा’ या अर्थाचे आयरिश विशेषण ‘मोर’. पुल्लिंगी ‘बुस’, म्हणजे बस, याच्यापुढे ते तसेच राहते: ‘बुस मोर’. स्त्रीलिंगी ‘त्रेन्य’पुढे त्याचा पहिला ध्वनी मृदू होतो: ‘त्रेन्य वोर’. आपल्याकडे ‘मोठा’चे ‘मोठी’ होते, बदल शब्दाच्या शेपटाला होतो. आयरिशमध्ये तो शब्दाच्या तोंडाशी होतो. या भाषेचे हे सर्वांत ठळक वैशिष्ट्य आहे. ‘माझी ट्रेन’ म्हणायचे तर ‘मो ह्रेन्य’, ‘आपली ट्रेन’ म्हणायचे तर ‘आर द्रेन्य’. एकाच शब्दाची सुरुवात कधी ‘त’ने, कधी ‘ह’ने, कधी ‘द’ने होते. लेखनात मूळ अक्षर जपलेले असते, म्हणून वाचणाऱ्याला आधार मिळतो. ऐकणाऱ्याला मात्र नियम माहीत असल्याशिवाय शब्द ओळखताही येत नाही.

आता तिसरी पायरी, षष्ठी विभक्तीची. मला थांबायला लावले ते या पायरीने. ‘ट्रेनचे दार’ या अर्थाचा आयरिश पदबंध असा आहे: ‘दोरस ना त्रेनख’. यातील ‘ना’ हे स्त्रीलिंगी षष्ठीचे निश्चित उपपद. ‘त्रेन्य’चे झाले ‘त्रेनख’. शेवटचा अरुंद ‘न’ रुंद झाला आणि त्यापुढे ‘अख’ हा अंश आला. अनेकवचनात हाच अंश लांबतो. रूपे एकत्र पाहू.

एकवचन, प्रथमा: त्रेन्य
एकवचन, षष्ठी: त्रेनख
अनेकवचन: त्रेनखा
अनेकवचन, षष्ठी, उपपदासह: ना द्रेनखा

रेल्वेस्थानकाला ‘स्ताशून त्रेनख’ म्हणतात. यातला ‘स्ताशून’ हासुद्धा इंग्रजी ‘स्टेशन’चाच आयरिश अवतार.

या ‘अख’चे महत्त्व काय? आयरिश वैयाकरण नामांचे पाच गट मानतात. पाचवा गट लहान आहे आणि त्यात बरीच जुनी नामे आहेत. ‘शहर’ या अर्थाच्या ‘काहिर’ची षष्ठी ‘काह्रख’. ‘साप’ या अर्थाच्या ‘नाहिर’ची षष्ठी ‘नाह्रख’. ही रूपे बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या आयरिशमध्येही याच साच्याची होती. ख्रिस्ती मठांबरोबर लॅटिनमधून ‘नियम’ या अर्थाचा शब्द आला, तो आज ‘रीअल्य’ असा उच्चारतात. त्यालाही याच गटात जागा मिळाली आणि त्याची षष्ठी ‘रीअलख’ झाली. खुद्द देशाचे नाव ‘एरे’ याच पाचव्या गटातले आहे. त्याची षष्ठी वेगळ्या अंशाने, ‘एरन’ अशी होते.

म्हणजे घडले ते असे. 19व्या शतकापूर्वी ज्या अर्थाने तो असणेच शक्य नव्हते, असा एक शब्द कोळशाचा धूर सोडत आला, आणि भाषेने त्याला शहर, साप, नियम आणि स्वदेश यांच्या पंगतीला बसवले. नव्या पाहुण्यांसाठी याहून सोपी सोय तिच्याकडे होती. चौथ्या गटात एकवचनी रूप बदलतच नाही, आणि अनेक उसने शब्द तिथेच मुक्काम करतात. ‘बुस’ तिथला. त्याची षष्ठी ‘बुस’च राहते. ‘बसथांबा’ म्हणजे ‘स्ताद बुस’. पण या पाहुण्यालासुद्धा दाराशी वहाणा काढाव्याच लागतात. ‘बसवर’ म्हणताना ‘अर अन मुस’ होते, म्हणजे ‘ब’च्या जागी ‘म’ येतो. उपपदासह षष्ठीत ‘अन वुस’ होते. शेवट बदलला नाही, तरी तोंड बदलते.

ही रूपे कुणा पंडिताने रचून दिलेली नाहीत. प्रमाण आयरिशचे अधिकृत व्याकरण 1958 साली प्रसिद्ध झाले आणि नीअल ओ दोनिल यांनी संपादित केलेला मोठा आयरिश-इंग्रजी कोश 1977 साली आला. त्या कोशात ‘त्रेनख’ नोंदलेले आहे. कोशकाराने येथे लोकांच्या तोंडी रुळलेल्या रूपाची नोंद केली आहे. रूप घडले ते गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांच्या बोलण्यात. बोलींचे भेदही त्यात राहिले. प्रमाण भाषेत ‘ट्रेनवर’ या अर्थी ‘अर अन त्रेन्य’ म्हणतात, तर दक्षिणेकडील मन्स्टर प्रांतात ‘अर अन द्रेन्य’ असेही ऐकू येते.

आयरिशने प्रत्येक वेळी उसनवारीच केली असे मात्र नाही. सायकलीसाठी तिने ‘रोहर’ हा शब्द घडवला. ‘रोह’ म्हणजे चाक, आणि हा ‘रोह’ आपल्या ‘रथ’ शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या असल्याने अशी नाती अधूनमधून भेटतात. वर आलेला ‘दोरस’ आणि आपले ‘द्वार’, ‘दार’ हेही एकाच मुळाचे. लोहमार्गाला आयरिशमध्ये ‘इअर्नरोद’ म्हणतात. त्याचा अवयवार्थ ‘लोखंड-रस्ता’, म्हणजे आपला ‘लोहमार्ग’च. ‘लोखंडी रस्ता’ अशा अर्थाचा दुसरा पदबंधही आहे. त्यात रस्त्यासाठी ‘बोहर’ हा शब्द येतो. ‘बोहर’ निघाला ‘बो’पासून, आणि ‘बो’ म्हणजे गाय. संस्कृत ‘गो’ तिची बहीण. गाई ज्या वाटेने गेल्या ती वाट लोखंडाची झाली आणि तिच्यावरून लॅटिन वंशाची त्रेन्य धावू लागली. पुढे मोटारीसाठी ‘हलणे, चालणे’ या अर्थाच्या धातूवरून ‘ग्लूअश्तान’ घडवला गेला. जिवंत भाषा घडवते, उसने घेते आणि जुन्याला नवा अर्थही देते. तीन वाटांपैकी एकच पवित्र आहे, असे ती मानत नाही.

आपल्या अंगणात

आता मराठीकडे वळू. माझे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यांच्या बोलण्यात ‘गाडी टायमाला आली’, ‘लायनीत उभा राहा’, ‘शिग्नलाच्या पलीकडे’ अशी रूपे सतत येत. त्या काळी शाळेच्या वहीत ही रूपे उमटली, तर त्यांवर लाल रेघ ओढली जाई. ‘वेळेवर’, ‘रांगेत’ असे लिहावे, हे शिक्षकांचे सांगणे त्यांच्या जागी योग्यच होते, कारण लेखनाला वेगळा पेहराव लागतो. पण त्या रेघेतून आम्हा मुलांच्या मनात एक गोष्ट नकळत शिरली, की वडिलांची भाषा मोडकी आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ती मोडकी होती का, हे तपासू.

‘टायमाला’ हे रूप पाहा. इंग्रजी ‘टाइम’ मराठी तोंडात ‘टायम’ झाला, त्याला पुल्लिंग मिळाले, आणि ‘ला’ लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप झाले, ‘टायमा’. ‘देव, देवाला’ याच नियमाने. हा ‘आ’ प्राचीन विभक्तिरूपांचा अवशेष मानला जातो. ‘लाइन’ स्त्रीलिंगी झाली आणि ‘भिंत, भिंतीत’ याप्रमाणे ‘लायनीत’ हे रूप मिळाले. ‘मोटार’चेही तसेच: ‘मोटारी’, ‘मोटारीत’. ‘पेन्सिल’चे ‘पेन्सिलीने’. सगळ्यांत सुंदर उदाहरण ‘तिकीट’चे. ‘तिकीट’ नपुंसकलिंगी झाले, त्याचे अनेकवचन ‘तिकिटे’ झाले, आणि प्रत्यय लागताना त्याचा उपान्त्य दीर्घ ‘की’ ऱ्हस्व झाला: ‘तिकिटाला’. ‘शरीर, शरीराला’ यासारख्या तत्सम शब्दांना या ऱ्हस्वीकरणातून सूट आहे. ‘बहीण, बहिणीला’ या अस्सल मराठी शब्दाला मात्र तो नियम लागतो. मराठीने संस्कृत शब्दाला मानाने वेगळ्या पाटावर बसवले आणि इंग्रजी ‘तिकीट’ला बहिणीच्या पंगतीला घेतले.

आयरिशमधला तिकिटाचा शब्द याच्याशी ताडून पाहावासा वाटतो. तिथे तो ‘तिकेद’ असा पुल्लिंगी आहे, आणि त्याची षष्ठी व अनेकवचन दोन्ही ‘तिकेद्य’. कोणताही प्रत्यय न लावता, शेवटचे रुंद व्यंजन अरुंद करून ही दोन्ही रूपे साधली जातात. हा तिथल्या पहिल्या गटाचा अगदी सर्वसामान्य नियम आहे. पाहुणा एकच, दोन घरांत त्याला दोन वेगळे संस्कार मिळाले, आणि दोन्हीकडे तो घरचा झाला.

पण मराठीत ‘ट्रेन’ स्वतः कोठे आहे? आपण ‘ट्रेनला’, ‘ट्रेनने’, ‘ट्रेनमध्ये’ म्हणतो. ‘ट्रेनीला’ असे म्हणत नाही. ‘बस’चेही तसेच आहे. म्हणजे मोटार माजघरात आली आणि ट्रेन अजून ओसरीवरच बसली आहे. आयरिशमध्ये याच्या उलट: ट्रेन माजघरात, बस ओसरीवर. यात एका भाषेला अधिक गुण आणि दुसरीला कमी, असा हिशेब करण्याचे कारण नाही. प्रत्येक शब्दाचा प्रवास स्वतंत्र असतो. तो कधी आला, कोणाच्या तोंडून आला, त्याच्या आकाराचे शब्द घरात आधी होते का, यांवर त्याची जागा ठरते.

तरीही एक बदल तुम्ही कान देऊन ऐकावा, असे मला वाटते. ‘टेबलावर’ ऐवजी ‘टेबलवर’, ‘स्टेशनात’ ऐवजी ‘स्टेशनमध्ये’, ‘पेन्सिलीने’ ऐवजी ‘पेन्सिलने’ अशी रूपे वाढत आहेत. अनेकवचनात ‘बसेस’, ‘फाइल्स’, ‘तिकिट्स’ असे बोलले जाते. पहिल्या प्रकारात सामान्यरूप गळते. दुसऱ्या प्रकारात शब्दाबरोबर इंग्रजीचा अनेकवचनी प्रत्ययही आत येतो. शब्दांची उसनवार आणि व्याकरणाची उसनवार या दोन गोष्टींत फरक आहे. पाहुण्याने आपली पिशवी आणली तर घर बदलत नाही. त्याने आपली चूल आणली, तर स्वयंपाक कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो.

आता माझ्या वडिलांच्या रूपांकडे पुन्हा पाहा. लाल रेघ ‘टायमाला’खाली ओढली गेली, कारण त्यातला शब्द परका दिसला. त्या शब्दाला ज्या ‘आ’ने वळवले, तो कोणाच्या नजरेस आला नाही. शुद्धतेची चर्चा आपण बहुधा शब्दांच्या जन्मदाखल्यावर करतो. ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द घडवणाऱ्या भाषाशुद्धीच्या चळवळीने मराठीला पुष्कळ दिले, याबद्दल कृतज्ञ असावे. पण भाषेची ताकद मोजायची तर ती परक्या शब्दाला आपल्या नियमांनी वळवू शकते का, हेही पाहावे लागते. या कसोटीवर शेतात, कारखान्यात, डेपोत आणि फलाटावर बोलली जाणारी मराठी सुशिक्षितांच्या मराठीहून पुष्कळदा अधिक बळकट ठरते. ‘लायनीत’ म्हणणाऱ्या माणसाने मराठी राखली आहे.

पचनाची मर्यादा

येथे लेख संपवता आला असता, तर मला बरे वाटले असते. पण आयरिशचे उदाहरण घेतले, तर ते पुरते सांगितले पाहिजे.

ज्या भाषेने ट्रेनला शहराच्या आणि स्वदेशाच्या पंगतीला बसवले, त्या भाषेचे पुढे काय झाले? 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या रोगामुळे भीषण दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली. दुष्काळात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मिळून आणखी सुमारे वीस लाख देश सोडून गेली. सर्वाधिक फटका पश्चिमेकडील आणि दक्षिणेकडील गरिबांना बसला, आणि आयरिश बोलणारे मुख्यतः तेच होते. 1849 साली डब्लिनहून कॉर्कपर्यंत आणि 1851 साली गॉलवेपर्यंत लोहमार्ग पोहोचला. पुढील अनेक दशके खेड्यांतील तरुण मुलेमुली गाडीने बंदरावर जाऊन अमेरिकेची बोट धरत राहिली. ज्या गाडीच्या नावाला त्यांनी आपली षष्ठी दिली, तीच गाडी त्या षष्ठीच्या बोलणाऱ्यांना घेऊन गेली. मागे राहिलेल्यांनीही मुलांना इंग्रजी शिकवले, कारण पोट आणि परदेश दोन्ही इंग्रजीत होते.

1893 साली भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन झाली. 1937 च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली अधिकृत भाषा केले. 2007 साली ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा झाली. शाळांत ती शिकवली जाते. 2022 च्या जनगणनेत अठरा लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश येते असे सांगितले, पण शिक्षणसंस्थेच्या बाहेर ती रोज बोलणारे सुमारे 72 हजार निघाले. ‘दोरस ना त्रेनख’ हे रूप आजही बिनचूक आहे. ते म्हणायला माणसे कमी आहेत.

म्हणून वर मांडलेल्या कसोटीला एक पुरवणी जोडली पाहिजे. परका शब्द पचवणे हे भाषेच्या प्रकृतीचे लक्षण आहे, आयुष्याची हमी नव्हे. आयरिश परके शब्द शिरल्यामुळे क्षीण झाली नाही. बोलणाऱ्यांच्या पोटाशी, नोकरीशी आणि प्रतिष्ठेशी असलेला तिचा संबंध तुटला, म्हणून ती क्षीण झाली. शब्दांच्या सीमेवर पहारा ठेवून हे संकट टळले नसते.

2011 च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले आठ कोटींहून अधिक लोक भारतात आहेत. आयरिशची अवस्था आपल्यावर ओढवली आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तुम्ही दूरशिक्षणाचे विद्यार्थी आहात. कोणी तलाठी कार्यालयात काम करत असेल, कोणी परिचारिका असेल, कोणी एसटीत वाहक, कोणी मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तकाकडे वळलेली गृहिणी. तुमच्यापैकी काही जण संपर्कसत्रात हळू आवाजात म्हणतात, ‘बाई, आमची मराठी शुद्ध नाही, त्यात इंग्रजी फार आहे.’ माझे उत्तर असे आहे. परीक्षेची आणि लेखनाची प्रमाण मराठी जरूर कमवा, ती तुमचा हक्क आहे. पण कामावर जी मराठी बोलता, तिची लाज बाळगू नका. तिथेच नवे शब्द रोज येतात आणि तिथेच त्यांना लिंग, वचन आणि सामान्यरूप मिळते. पुढच्या कोशातील नोंदी आज तुमच्या तोंडी तयार होत आहेत. ज्या दिवशी तुम्ही तुमच्या कामाबद्दल मराठीत बोलणे सोडाल, त्या दिवशी ही प्रक्रिया थांबेल, मग आपण कितीही शुद्ध शब्द घडवून ठेवले तरी.

विचारासाठी आणि सरावासाठी

1. तुमच्या कामाच्या ठिकाणी वापरले जाणारे दहा इंग्रजी शब्द लिहा. प्रत्येकाचे मराठीतील लिंग, अनेकवचन आणि ‘ला’ प्रत्यय लागतानाचे रूप नोंदवा. लिंग कशावरून ठरले असावे? शब्दाच्या शेवटावरून की अर्थाने जवळच्या मराठी शब्दावरून?

2. ‘टेबलावर’ आणि ‘टेबलवर’ यांसारख्या जोड्या घरातील तीन पिढ्यांच्या बोलण्यात ऐका. कोण कोणते रूप वापरते, हे दुरुस्ती न करता फक्त टिपून ठेवा.

3. ‘परका शब्द पचवणे हे भाषेच्या प्रकृतीचे लक्षण आहे, आयुष्याची हमी नव्हे.’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? तुमच्या बोलीतील उदाहरणे देऊन सुमारे दोनशे शब्दांत लिहा. उत्तर लिहिताना तुमच्या बोलीतील रूपे जशीच्या तशी द्या. त्यांखाली रेघ ओढली जाणार नाही.